आठ शिलिंगांची खोली आणि एक स्टोव्ह

स्वयंपाकाची गोडी माणसाला प्रथम कशी लागते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत गृहीत धरलेले असते. मुलगी आईच्या पदराला धरून स्वयंपाकघरात वावरते, पोळपाटावर वेडेवाकडे नकाशे लाटते आणि पाहता पाहता शिकते. मुलगा दुकानाच्या गादीवर बसतो आणि वेळ झाली की पानावर येतो. त्याला गोडी लागते ती खाण्याची. करण्याची गोडी त्याला लागावी, अशी अपेक्षाही कोणी करीत नाही.

परंतु ही गोडी अनेकदा भलत्याच वाटेने घरात शिरते. शाकाहारी पाककलेचे नाव देशभर करणाऱ्या तरला दलाल यांचा जन्म पुण्यात १९३६ साली झाला. त्यांचे भावी पती अमेरिकेत शिकत होते आणि तिथल्या खाण्यापिण्याविषयी पत्रांतून लिहीत असत. ती पत्रे वाचून त्यांचे मन स्वयंपाकाकडे वळले. १९६० साली विवाह झाला, १९६६ साली मुंबईतील राहत्या घरी वर्ग सुरू झाले, १९७४ साली पहिले पुस्तक निघाले. पुढचे वाचकांना ठाऊक आहे, कारण त्यांची पुस्तके आजही कित्येक घरांच्या कपाटात तेलाच्या डागांसह उभी आहेत. एका मुलीला पत्रांनी गोडी लावली. एका मुलाला ती उपासमारीने लावली. तो मुलगा वाण्याचा होता, वय अवघे अठरा होते, आणि त्याच्या पाठीशी एका जैन साधूंनी दिलेली प्रतिज्ञा होती.

१८८८ साली राजकोटच्या गांधी कुटुंबात धाकट्या मुलाला बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला पाठवण्याचे घाटत होते. वडील हयात नव्हते. मोठे भाऊ पैशांची तजवीज करण्यास तयार झाले. अडले ते आईपाशी. विलायतेला गेलेली मुले मांस खातात, मद्य पितात, हे पुतळीबाईंच्या कानांवर आले होते. आई शिकलेली नव्हती, पण व्रतस्थ होती. चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही, असा नेम तिने एकदा धरला होता. पावसाळी आभाळाकडे डोळे लावून मुले अंगणात उभी राहत. ढगाआडून सूर्य दिसला की ओरडत आत धावत. आई बाहेर येई तोवर सूर्य पुन्हा लपलेला असे. मग ती शांतपणे कामाला लागे, आज देवाच्या मनात जेवण नाही म्हणून. अशा घरात वाढलेल्या मुलाला शब्दाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कुटुंबाचे हितचिंतक बेचरजी स्वामी मूळचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले. त्यांनी मार्ग काढला. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची प्रतिज्ञा त्यांनी मोहनदासकडून आईसमक्ष विधिपूर्वक घेवविली. तेव्हा आईने परवानगी दिली. मुंबईत ज्ञातीच्या पंचांनी समुद्रगमनाबद्दल त्याला वाळीत टाकले. तरीही ४ सप्टेंबर रोजी तो बोटीवर चढला.

प्रतिज्ञा घेतली तेव्हा ती पाळायची कशी, याचा विचार कोणीही केलेला दिसत नाही. आईला विलायत ठाऊक नव्हती. मुलाला साधा भात शिजवता येत होता की नाही, याचीही कोणी चौकशी केली नसावी. बोटीवरच अडचण उभी राहिली. टेबलावरील पदार्थांपैकी कोणता मांसाविना आहे, हे इंग्रजीत विचारण्याचा धीर होईना. काटे-सुऱ्यांची सवय नव्हती. घरून बांधून दिलेली मिठाई आणि फळे यांवर त्याने खोलीत बसून दिवस काढले. परदेशी निघालेल्या मुलाच्या पेटीत खाखरे, ठेपले आणि सुका मेवा कोंबून भरणाऱ्या आजच्या मातांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. डबा कधी ना कधी रिकामा होतो, हेही त्यांना ठाऊक असतेच.

लंडनजवळ रिचमंड येथे एका स्नेह्याच्या घरी तो राहू लागला. सकाळच्या ओटच्या लापशीने पोट भरे. दुपारी आणि रात्री मात्र मीठमसाल्याविना उकडलेला पालक, पाव आणि मुरंबा. दोन-तीन तुकड्यांपेक्षा अधिक पाव मागण्याची लाज वाटे. दूधही या दोन जेवणांत नसे. त्या स्नेह्याने पुष्कळ समजावले. अशिक्षित आईपुढे, इथली परिस्थिती माहीत नसताना दिलेल्या शब्दाला काय अर्थ, असे त्याचे म्हणणे. एके दिवशी तर त्याने बेंथमचा उपयुक्ततावादावरील ग्रंथ वाचून दाखवण्यास आरंभ केला. मोहनदासला तो वाद पेलणारा नव्हता. त्याने इतकेच सांगितले की युक्तिवादात आपण हरलो असे समजा, पण प्रतिज्ञा मोडता येणार नाही.

त्याच स्नेह्याने त्याला होबर्न रेस्टॉरंट या भव्य उपाहारगृहात नेले. एवढ्या लोकांसमोर तरी तो प्रश्न विचारणार नाही, असा त्याचा अंदाज. सूप आले. ते कशाचे आहे हे कळेना, म्हणून मोहनदासने वेटरला खुणावले. यजमान संतापला आणि म्हणाला, नीट वागता येत नसेल तर बाहेर जा. मोहनदास आनंदाने बाहेर पडला. शेजारीच एक शाकाहारी उपाहारगृह होते, पण ते बंद होते. ती रात्र उपाशी गेली. या होबर्नची आठवण वाचकांनी ठेवावी, ते पुन्हा येणार आहे.

रिचमंडनंतर वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी त्याची सोय झाली होती. बाई भल्या होत्या. जेवण आवडले का, असे रोज विचारीत. पण मसाला नाही, तेल नाही, फोडणी नाही, अशा भाज्या त्या तरी किती प्रकारे उकडणार? त्यांच्या दोन मुली आग्रहाने पावाचा एखादा तुकडा अधिक वाढीत. अख्खा पाव असता तरच पोट भरले असते, हे त्यांना कोण सांगणार? घरून मिठाई-मसाले मागवले होते, ते अद्याप पोहोचले नव्हते. मग तो दिवसाकाठी दहा-बारा मैल पायपीट करी, एखाद्या स्वस्त उपाहारगृहात शिरून पोटभर पाव खाई, आणि तरीही तृप्ती होत नसे.

शहरात शाकाहारी उपाहारगृहे आहेत, हे घरमालकीणबाईंनीच त्याला सांगितले होते. भटकता भटकता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला असे एक उपाहारगृह सापडले. दाराजवळच्या काचेमागे विक्रीची पुस्तके मांडलेली होती. त्यांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे एक पुस्तक होते. एक शिलिंग देऊन त्याने ते घेतले आणि मगच तो जेवायला बसला. विलायतेच्या भूमीवर पाऊल ठेवल्यानंतरचे ते त्याचे पहिले पोटभर जेवण. पुस्तकही त्याने अथपासून इतिपर्यंत वाचले. तोवर तो मांस खात नव्हता ते आईला शब्द दिला होता म्हणून. पुढे कधी उघडपणे मांस खाता येईल आणि इतरांनाही त्या पंथात ओढता येईल, असे मनाच्या एका कोपऱ्यात होते. हे त्याने स्वतःच आत्मकथेत नोंदवले आहे. त्या पुस्तकानंतर शाकाहार त्याचा स्वतःचा झाला.

इतके झाले तरी चूल अजून पेटलेली नव्हती. मध्ये काही महिने सभ्य इंग्रज होण्याच्या छंदात गेले. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवला गेला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी आली, तीन पौंड देऊन व्हायोलिन खरेदी झाले, नाचाचे धडे झाले. मग शुद्ध आली. ती आणली कोणी? जमाखर्चाच्या वहीने.

व्यापारी घरांतील वाचकांनी इथे थोडे थांबावे. मोहनदासला एक सवय होती. खर्च झालेली प्रत्येक दमडी तो लिहून ठेवी. घोडागाडीचे भाडे, टपालाचे तिकीट, वर्तमानपत्रासाठी दिलेले दोन पैसे, सारे वहीत चढे आणि रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवली जाई. त्या वहीत त्याला दिसले की आपण घरच्या ऐपतीबाहेर राहत आहोत. तिकडे मोठा भाऊ ओढाताण करीत आहे, आणि इकडून पैशांची मागणी गेली की तो निमूटपणे पाठवीत आहे. दरमहा आठ ते पंधरा पौंड खर्च करणाऱ्या इतर विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना शिष्यवृत्ती होती. दुसरीकडे आठवड्याला दोन शिलिंगांच्या खोलीत राहून स्वस्त कोकोगृहात दोन पेन्सच्या कोको-पावावर भागवणारा गरीब विद्यार्थीही त्याने पाहिला होता.

म्हणून त्याने कुटुंबात राहणे सोडले, दोन खोल्या घेतल्या, भाडे वाचवण्यासाठी पायी चालणे धरले. पुढे दोन खोल्यांची एक झाली. आठवड्याला आठ शिलिंग भाड्याची. आणि एक स्टोव्ह विकत आला.

गांधीजींच्या स्वयंपाकाचा खरा आरंभ हा आहे. सकाळी ओटची लापशी आणि कोकोसाठी पाणी, एवढ्याला वीस मिनिटे लागत. दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा घरीच कोको आणि पाव. दिवसाचा हा सारा खर्च एक शिलिंग तीन पेन्समध्ये बसू लागला. पाककलेच्या दृष्टीने यात सांगण्यासारखे काही नाही. लापशी ढवळणे ही कला नव्हे, कोणतीही सुगरण यावर हसेल. परंतु ज्या मुलाने पूर्वी पावाचा तिसरा तुकडा मागण्याचे धाडस केले नव्हते, तो आता आपले अन्न आपल्या हाताने शिजवीत होता. काय घालायचे आणि काय घालायचे नाही, हे तोच ठरवीत होता. वेटरला विचारण्याचा प्रसंग निदान सकाळ-संध्याकाळ उरला नव्हता.

एकदा भांडे हातात आल्यावर मन थांबत नाही. त्याने प्रयोग सुरू केले. घरून आलेली मिठाई आणि मसाले बंद केले. रिचमंडला बेचव लागलेला तोच उकडलेला पालक आता रुचू लागला, तेव्हा चव जिभेपेक्षा मनात अधिक असते असे त्याच्या ध्यानात आले. कधी पिष्टमय पदार्थ सोडून पाहिले, कधी पाव आणि फळे एवढ्यावर दिवस काढले.

एका प्रयोगात पाय घसरलाही. अंडे म्हणजे मांस नव्हे, ते खाण्याने कोणत्या जिवाला पीडा होत नाही, असा युक्तिवाद तिकडच्या शाकाहारी मंडळींत चाले. मोहनदास त्याला भुलला आणि त्याने काही काळ अंडी खाल्ली. ही गोष्ट त्याने पुढे लपवली नाही. मांसाच्या तीन निरनिराळ्या व्याख्या त्याला विलायतेत भेटल्या. एकीनुसार अंडीच काय, मासेही चालत. शेवटी त्याच्या लक्षात आले की प्रश्न व्याख्येचा नाहीच. प्रतिज्ञा आईपुढे घेतली आहे, तेव्हा शब्दाचा अर्थही आईच्या मनातला. आणि आईच्या मनात अंडे मांसातच मोडत होते, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. करारपत्रातील शब्द आपल्या सोयीने वाचू नये, ज्याला वचन दिले त्याला जे समजले होते तेच धरून चालावे, हा व्यवहारातील सचोटीचा नियम त्याने ताटाला लावला. अंडी सुटली. त्यामुळे अडचण वाढली, कारण शाकाहारी उपाहारगृहांतील पुडिंग आणि केक यांतही अंडी असत. पुन्हा प्रत्येक पदार्थाची चौकशी करणे आले. आता मात्र लाज वाटत नव्हती.

याच काळात नारायण हेमचंद्र नावाचे एक विलक्षण गुजराती लेखक लंडनात आले. वेष गबाळा, इंग्रजी नावापुरते, उत्साह अफाट. मोहनदासच्या खोलीवर त्यांचे जाणे-येणे वाढले. मोहनदास त्यांना आपल्या हातचे गाजराचे इंग्रजी पद्धतीचे सूप वाढी. (कंदमूळ वर्ज्य असलेल्या वाचकांच्या भुवया येथे उंचावतील, पण त्या तीन प्रतिज्ञांत कंदमुळांचा समावेश नव्हता.) नारायणभाईंना ते मुळीच आवडत नसे. वरण नसेल तर जेवण कसले, असे त्यांचे मत, आणि मोहनदासच्या रुचीची त्यांना कीव येई. एके दिवशी त्यांनी लंडनभर शोध घेऊन कुठून तरी मूग पैदा केले, शिजवले आणि घेऊन आले. मोहनदासने ते मिटक्या मारीत खाल्ले. मग रीतच पडली. याने केलेला पदार्थ त्याच्याकडे जाई, त्याने केलेला याच्याकडे येई. शेजारणी-शेजारणींत वाटीची जी देवाणघेवाण चालते, ती लंडनमध्ये दोन पुरुषांत चालली होती.

हा विद्यार्थी पुढे लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेला. १८९१ साली तेथील शाकाहारी साप्ताहिकात त्याने भारतीय शाकाहारी लोकांविषयी लेखमाला लिहिली. त्या वर्षी जूनमध्ये बॅरिस्टर होऊन परतण्याआधी त्याने आपल्या शाकाहारी मित्रांना निरोपाची मेजवानी दिली. जागा कोणती? होबर्न रेस्टॉरंट. ज्या दारातून तो उपाशी बाहेर पडला होता, त्याच ठिकाणच्या व्यवस्थापकाशी बोलून त्याने संपूर्ण शाकाहारी भोजन सिद्ध करवून घेतले. शाकाहारी उपाहारगृहात असे जेवण मिळण्यात नवल ते काय, ते इथे का मिळू नये, असा त्याचा विचार होता. जेवण उत्तम झाले. आभाराचे भाषण मात्र पहिल्या वाक्यालाच अडकले. तो गोंधळला, कसेबसे आभार मानून खाली बसला. भीड अजून पुरती गेलेली नव्हती.

जुलैमध्ये बोट मुंबईला लागली. भाऊ धक्क्यावर आले होते. आईला भेटण्याची त्याला ओढ होती. तीन वर्षे ज्या शब्दाखातर तो उपाशी राहिला, स्वयंपाक शिकला, चुकला आणि सावरला, त्याचा जाबजबाब द्यायचा होता. आई आधीच गेलेली होती. परदेशात एकट्याला हा आघात सोसवणार नाही म्हणून भावाने ती वार्ता कळवली नव्हती. ती त्याला मुंबईत उतरल्यावर समजली. वडिलांच्या मृत्यूपेक्षाही हा घाव मोठा होता, पण आपण तो आतल्या आत आवरला, असे गांधीजींनी लिहिले आहे. प्रतिज्ञा ज्यांच्यापुढे पाळल्याचे सांगायचे, ते मनुष्यच उरले नव्हते.

राजकोटच्या घरात चहा-कॉफी शिरलेलीच होती. नव्या बॅरिस्टरने तिथे ओटची लापशी आणली आणि चहा-कॉफीऐवजी कोको सुरू करण्याचे ठरवले. घरच्यांनी कोको स्वीकारला, पण चहा-कॉफी सोडली नाही. सुधारणेच्या नावाखाली खर्चात एका पेयाची भर पडली, इतकेच. घरोघरचा अनुभव याहून निराळा नसावा.

त्यानंतर मुंबईत वकिलीचा प्रयत्न करताना त्यांनी रविशंकर नावाचा एक ब्राह्मण आचारी ठेवला. आचारी म्हणायचे एवढेच. त्याला स्वयंपाक येत नव्हता, आणि संध्याही येत नव्हती. आपण शेतकरी माणूस, नांगर-कुदळीपलीकडे संध्या कुठली जाणणार, असे त्याने मोकळेपणाने सांगून टाकले. पक्षकार फिरकत नव्हते, त्यामुळे बॅरिस्टरांना सवड भरपूर होती. अर्धा स्वयंपाक ते स्वतः करू लागले आणि अर्धा रविशंकरला शिकवू लागले. पुन्हा एक स्टोव्ह खरेदी झाला. विलायतेतील शाकाहारी प्रयोग मुंबईत शिजू लागले. दोघे एका पंक्तीला बसत. तक्रार एकच राहिली, रविशंकरने अस्वच्छ राहण्याचा जणू नेम धरला होता.

काही महिन्यांतच मुंबईचे बिऱ्हाड मोडले आणि पुढे दक्षिण आफ्रिका आली. जोहान्सबर्गच्या घरात बाजारचा पाव बंद झाला आणि आंबवण न घालता घरीच पाव भाजू लागले. त्यासाठी पीठ गिरणीचे नको, म्हणून गांधीजींनी सात पौंडांना हाताने फिरवण्याची चक्की आणली. तिचे लोखंडी चाक एकट्या माणसाला जड जाई, दोघे मिळून फिरवले तर सोपे होई. बहुधा गांधीजी, त्यांचे सहकारी पोलॉक आणि मुले ती फिरवीत. दळणाची वेळ हीच कस्तुरबांची स्वयंपाकाला लागण्याची वेळ होती, तरीही अधूनमधून त्या चाकाला हात लावीत.